साइडवॉकवरचा बर्फ: काढला तर खटला, नाही काढला तर दंड?

कोपऱ्यावरचा_नवखा

नमस्कार मंडळी. उन्हाळ्यात शिकागोत, शहराच्या हद्दीतच, टू-फ्लॅट घेतलं. खाली आम्ही, वर भाडेकरू जोडपं. घर कोपऱ्यावरचं. घेताना त्याचंच कौतुक होतं, दोन बाजूंनी उजेड वगैरे. आता थंडी तोंडावर आल्यावर कळतंय की कोपऱ्यावरच्या घराला साइडवॉकही, म्हणजे फुटपाथ, दोन बाजूंना असतो! पुढची बाजू 25 फूट, ती काही नाही. बाजूची मात्र 125 फूट, तीही उत्तरेकडची. घराची सावली दिवसभर तिच्यावरच. आजवर अपार्टमेंटमध्ये राहिलो, बर्फ म्हणजे खिडकीतून बघायची गोष्ट आणि गाडीच्या काचेवरून खरवडायची. फावडं परवाच घेतलं.

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ आहेत. त्यांनी फावडं बघितलं आणि कुंपणावरून हाक मारली. म्हणाले, साइडवॉकला हात लावू नकोस. आभाळातून पडला तोवर बर्फ देवाचा, त्यावर कोणी घसरला तर देवाशी भांडेल. तू फावडं लावलंस की तो तुझा. अर्धवट साफ केलेल्या जागी कोणाचा पाय मोडला तर वकिलाची नोटीस तुझ्या दारात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सांगितलं तर एक सहकारी हसायलाच लागली. तिच्या मते साफ नाही केलं तर सिटी रोजच्या रोज दंड लावते.

म्हणजे काढला तर खटला आणि नाही काढला तर दंड? होम करायला जायचं आणि हात पोळून घ्यायचे, असंच ना हे? नेमकं खरं काय?

आणखी दोन शंका. जानेवारीत मेव्हण्याच्या लग्नासाठी आम्ही सगळे देशात असणार, तेव्हा काय करायचं? आणि वरच्या भाडेकरूंना हे काम सांगता येतं का? लीजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही.

शैलाताई_शिकागो

तुमचे शेजारी खोटं बोलत नाहीत, पण जुनं बोलताहेत. आणि सहकारीही बरोबर आहे. तुमचा गोंधळ होतोय कारण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकाच टोपलीत टाकल्यात. सिटीचा दंड ही एक गोष्ट. घसरून पडलेल्या माणसाने तुमच्यावर केलेला दावा ही दुसरी. दोन्हींचे नियम वेगळे, ठरवणारे वेगळे. आमच्या सहा घरांच्या कॉन्डो असोसिएशनचा, म्हणजे फ्लॅटमालकांच्या सोसायटीचा, हिशेब मी बरीच वर्षं सांभाळला आणि दर हिवाळ्यात कोणी ना कोणी हाच वाद उकरून काढायचं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी वकील नाही, हे आधीच सांगते.

दंडाचं बघा. शिकागोच्या म्युनिसिपल कोडप्रमाणे साइडवॉकवर किमान 5 फूट रुंद वाट मोकळी करायची. सकाळी 7 ते संध्याकाळी 7 मध्ये पडलेला बर्फ त्याच रात्री 10 पर्यंत, आणि संध्याकाळी 7 नंतर पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी 10 पर्यंत. आठवड्याचे सातही दिवस. शनिवार, रविवार, नाताळ, काही सूट नाही. नाही केलं तर 50 ते 500 डॉलर, तेही दर दिवसाचे. दंड कितीजणांना होतो हा भाग निराळा. साधारणपणे कोणीतरी 311 या सिटीच्या फोन नंबरवर तक्रार केल्यावरच चाकं हलतात. पण तुमचं घर कोपऱ्यावरचं, शेकडो माणसं तिथून वळणार. तक्रार करायला एक पुरतो.

कोपरा म्हणून आणखी एक: रस्ता ओलांडायच्या जागी जे उतार असतात, ते कर्ब रॅम्प, तेही तुमच्याकडेच. प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ लोटणारी गाडी, येऊन गेला की नेमका तिथेच गुडघाभर ढीग लागतो. तुम्ही नव्हे, सिटीच्याच गाडीने लावलेला. तरी काढायचा तुम्ही. आणि काढलेला बर्फ रस्त्यात, सायकलच्या लेनमध्ये किंवा बसस्टॉपवर लोटायचा नाही. आपल्या हिरवळीच्या पट्ट्यावर टाकायचा.

आता दावा. इलिनॉयच्या कोर्टांत पूर्वीपासूनचं तत्त्व असं की नैसर्गिकरीत्या साचलेला बर्फ काढायचं बंधन जागामालकावर नाही, म्हणून त्यावर घसरलेल्याला मालकाकडून भरपाई मागता येत नाही. शेजाऱ्यांचा तो 'देवाचा बर्फ' तो हाच. आणि मालकाने हात लावून काही नवा धोका तयार केला तर तो अडकू शकतो, हेही त्याच तत्त्वाचं दुसरं टोक. त्यामुळे लोक शहाणपणा म्हणून फावडं आत ठेवायचे. हे मोडायला राज्याने 1979 मध्ये एक छोटासा कायदा केला, स्नो अँड आइस रिमूव्हल अ‍ॅक्ट. त्यात सरळ म्हटलंय की लोकांनी आपल्या घरालगतचा साइडवॉक साफ करावा हे राज्याचं धोरण आहे, आणि राहत्या घराचा मालक किंवा तिथे राहणारा कोणीही असा बर्फ काढत असेल, नुसता काढायचा प्रयत्न जरी केला असेल, तरी त्यात राहिलेल्या कसरीबद्दल त्याच्यावर दावा चालणार नाही. अपवाद एकच: मुद्दाम किंवा बेफिकिरीने केलेलं काम.

1979 हे साल शिकागोकर विसरत नाहीत. त्या जानेवारीतल्या हिमवादळाने शहर ठप्प झालं आणि बर्फ वेळेत न हलवल्याचा राग फेब्रुवारीत निघाला. मेयर मायकेल बिलँडिक प्रायमरीतच, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीतच, जेन बर्न यांच्याकडून हरले. आजही इथला प्रत्येक मेयर नोव्हेंबर लागला की मिठाच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहून पत्रकार परिषद घेतो, तो काही उगाच नाही.

तर फावडं चालवा. न चालवण्याने दंडाचा धोका वाढतो आणि चालवण्याने दाव्याचा वाढत नाही. ही सवलत राहत्या घरांपुरती आहे हे मात्र लक्षात ठेवा. खाली दुकान असतं तर मी हे लिहिलं नसतं.

भाडेकरूंचं: सिटीच्या नियमात मालकाबरोबर भाडेकरू आणि इमारतीचा ताबा असलेला, सगळेच मोडतात. पण इन्स्पेक्टर दार वाजवेल ते तुमचं. लीजमध्ये नसेल तर आत्ता जाऊन "कायद्याने तुमचंही काम आहे" असं सांगू नका, फुकटची कटुता. तुम्ही नसाल तेवढ्या दिवसांपुरतं ठरवा, भाड्यात थोडी सूट द्या आणि ईमेलवर लिहून घ्या. म्हणजे दोघांनाही आठवतं कोणी काय कबूल केलं होतं.

ब्रुकलिनचा_बंड्या

शैलाताईंचं वाचून न्यूयॉर्कवाल्यांनी निर्धास्त होऊ नये, इथलं गणित उलटं आहे.

आमच्याकडे घड्याळ बर्फ *थांबल्यापासून* सुरू होतं. सकाळी 7 ते संध्याकाळी 5 च्या आत थांबला तर 4 तास. 5 ते रात्री 9 मध्ये थांबला तर 14 तास. 9 नंतर थांबला तर दुसऱ्या सकाळी 11 पर्यंत. वाट निदान 4 फुटी. बर्फ इतका घट्ट गोठला की निघतच नाही, तर राख, वाळू, भुसा असलं काही टाकायचं आणि हवा निवळली की साफ करायचं.

दाव्याबाबत 2003 मध्ये शहराने आपल्या डोक्यावरचं ओझं मालकांवर टाकलं. त्याआधी साइडवॉकवर पडलेला माणूस शहराला कोर्टात खेचायचा, आता इमारतीच्या मालकाला. त्यातून सुटतात फक्त एक, दोन किंवा तीन कुटुंबांची घरं, तीही पूर्णपणे राहती असतील आणि मालक स्वतः त्यात राहत असेल तर. आमचं दोन कुटुंबांचं आहे, आम्ही खाली राहतो, म्हणून त्या कलमातून बाहेर. दंड मात्र आम्हालाही आहेच. उद्या आम्ही दुसरीकडे राहायला गेलो आणि दोन्ही मजले भाड्याने दिले की सवलत गेली! बरेच जण घर भाड्याने देऊन न्यूजर्सीला जातात, त्यांना हे कोणी सांगत नाही.

एडिसनकर

न्यूजर्सीचं नाव निघालंच म्हणून. इथे राहत्या घराच्या मालकावर सार्वजनिक साइडवॉकच्या बर्फापायी भरपाईची जबाबदारी येत नाही, दुकानदारावर येते. 1981 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने व्यापारी जागांना वेगळं काढलं. 2011 मध्ये होबोकनच्या एका मोठ्या कॉन्डो इमारतीचा खटला आला, तेव्हा तिलाही राहतीच धरलं. टाउनशिपचा दंड मात्र लागतो, आणि किती तासांत साफ करायचं ते दर टाउनशिपचं वेगळं. माझं छोटं दुकान आहे. घरापुढचं नंतर बघतो, दुकानापुढचं आधी.

कोपऱ्यावरचा_नवखा

शैलाताई, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणते, आता तुला कारण उरलं नाही.

एक शंका राहिली. "मुद्दाम किंवा बेफिकिरीने" म्हणजे किती? आमच्या उत्तरेच्या भिंतीवर गटरचा पाइप खाली येतो आणि त्याचं तोंड थेट साइडवॉकच्या दिशेने आहे. पावसाळ्यात तिथून ओहोळ वाहायचा, तेव्हा काही वाटलं नव्हतं.

शैलाताई_शिकागो

थांबा! बर्फाचं राहू द्या, हे आधी.

1979 चा कायदा बर्फ काढण्यातल्या चुकांना संरक्षण देतो. घराच्या रचनेतल्या दोषाला देत नाही. हा मुद्दा इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टातच गेला होता. फेब्रुवारी 2011 चं मोठं वादळ आठवत असेल, लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या होत्या ते. 20 इंचांवर बर्फ पडला. त्यानंतर मधे ऊब आली, वितळला, पुन्हा गोठला. एका उपनगरातल्या कॉन्डो संकुलात अशाच गोठलेल्या साइडवॉकवर तिथे राहणारी एक बाई पडली. तिचं म्हणणं, बर्फ नीट काढला नाही ही माझी तक्रारच नाही, पाण्याचा निचरा चुकीचा आहे आणि पाइपचं पाणी वाटेवर येतं ही तक्रार आहे. 2016 मध्ये कोर्टाने म्हटलं की अशा दाव्याला या कायद्याची आडकाठी नाही, तो चालू शकतो.

तुमच्या पाइपचं पाणी साइडवॉकवर येऊन गोठलं तर तो बर्फ आभाळातून पडलेला नव्हे. शेजाऱ्यांच्या भाषेत, तो देवाचा नाही.

हे कसं घडतं ते सांगते, कारण पहिल्या हिवाळ्यात कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारी ऊन आलं की छपरावरचा बर्फ वितळतो. हवा 25 फॅरनहाइट असली तरी वितळतो, कारण छपराला आतून घराची ऊब असते. पागोळ्या गटरमध्ये, गटरमधून पाइपात, पाइपातून तुमच्या सावलीतल्या उत्तर बाजूला. तिथे दिवसभर ऊन नाही. संध्याकाळपर्यंत काचेसारखा पारदर्शक थर, खालचं काँक्रीट दिसतं म्हणून माणूस बिनधास्त पाय टाकतो. वर दोन इंच भुसभुशीत बर्फ असता तर निदान सावध चालला असता.

उपाय महाग नाही. पाइपच्या तोंडाला कोपर आणि लांबणी जोडून पाणी आतल्या बाजूला, अंगणात वळवा. जमीन गोठण्याआधी करा, नंतर पाणी तिथेही मुरत नाही. साफ केलेल्या बर्फाचा ढीगही साइडवॉकच्या चढाच्या बाजूला लावू नका. तो दुपारी वितळून वाटेवरच येतो. उताराच्या बाजूला टाका.

उतारावरून

मी सहसा वाचूनच जाते, पण कोपऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मुलगा व्हीलचेअर वापरतो. आमच्या ब्लॉकवर सगळे सज्जन आहेत, सगळे साफ करतात, पण एका फावड्याच्या रुंदीची वाट. त्यातून चालणारा जातो, खुर्ची जात नाही. जुळ्यांची बाबागाडीही जात नाही. वीस घरं स्वच्छ असली आणि एकविसाव्याचा मालक बाहेरगावी असला तर आम्ही परत फिरतो आणि रस्त्यातून, गाड्यांच्या बाजूने जातो. आणि कोपऱ्यावरचा तो प्लाऊचा ढीग! त्याला लोक 'सिटीचा' म्हणून सोडून देतात.

म्हणूनच माझं मत आहे की हे काम घराघरावर सोडणंच चूक आहे. रस्ता आपण आपल्या घरापुढचा तेवढा साफ करत नाही, मग चालायची वाटच का? शिकागोत 'प्लाऊ द साइडवॉक्स' नावाची मोहीम हेच मागते आहे. 2023 मध्ये सिटी कौन्सिलने असा प्रयोग कसा करता येईल हे बघायला गट नेमला. पुढे काय होईल ते होवो, या जानेवारीत मात्र सगळं तुमच्यावरच आहे, नवखे. 5 फूट म्हणजे 5 फूट, टेप लावून बघा एकदा. वाटतं त्यापेक्षा बरंच रुंद असतं.

टोरांटोचा_टण्या

उतारावरून, तुम्ही म्हणता तसं आमच्याकडे बऱ्याच अंशी झालंय. टोरांटोत बहुतेक साइडवॉकवर सिटीचंच छोटं यंत्र फिरतं. जिथे ते पोचत नाही तिथे मालकाला 12 तास. आणि ओंटारियोच्या अपील कोर्टाने 2000 मध्येच सांगितलंय की बर्फ काढायचा बायलॉ (सिटीचा नियम) असला म्हणून घरमालक सार्वजनिक साइडवॉकवरच्या अपघाताला जबाबदार ठरत नाही, त्याच्या जागेतून वाहून आलेल्या बर्फाची गोष्ट वेगळी. म्हणजे फिरून पुन्हा शैलाताईंचा पाइपच!

पण आपण स्वतः पडलो तर काय, हे कोणी विचारत नाही. आमच्याकडे साइडवॉकवर पडलात तर सिटीला 10 दिवसांत लेखी कळवावं लागतं, आणि तरी सिटीचा ढोबळ निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. खाजगी जागेत बर्फावर पडलात तर जानेवारी 2021 पासून 60 दिवसांची लेखी नोटीस. माणूस प्लास्टरमध्ये असतो तेव्हा हे दिवस कधी उलटतात कळत नाही.

श्टुटगार्टची_भाडेकरू

इकडे मालक नाही, मीच! जर्मनीत गावं हे काम मालकावर टाकतात आणि मालक लीजमधून भाडेकरूंवर. आमच्या इमारतीत आळीपाळीने दारावर पाटी लटकते, ज्याच्या दारावर पाटी त्याचा आठवडा. सकाळी 7 ला वाट मोकळी हवी. मीठ टाकायलाही बऱ्याच शहरांत सामान्य माणसाला बंदी, झाडांची मुळं जळतात म्हणून. बारीक खडी टाकायची. आणि बर्फ गेल्यावर तीच खडी झाडून गोळा करायची, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा_नवखा

मिठाचं बरं काढलंत. मी 50 पौंडांच्या चार पिशव्या आणून ठेवल्यात. जास्त झालं का?

शैलाताई_शिकागो

चार? लग्नाला वऱ्हाड किती येतंय?

फावडं हे मुख्य काम, मीठ नंतर. इकडे सॉल्ट स्मार्ट नावाचा गट एक सोपं माप सांगतो: 12 औंसांचा कॉफीचा मग भरून मीठ साइडवॉकच्या साधारण 10 चौकोनांना पुरतं. दाणे सुटे सुटे पडलेले दिसले पाहिजेत, ढीग नाही. तुमचं साइडवॉकचं काँक्रीट नवं असेल तर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाळून वाळूच टाका, नाहीतर पापुद्रे सुटतात. साधं मीठ 15 फॅरनहाइटच्या खाली जवळपास झोपतं, मग कितीही ओता. त्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड चालतं, पण ते महाग आणि कुत्र्यांच्या पंजांना जास्त झोंबतं, म्हणून फक्त त्या पाइपजवळच्या जागी आणि रॅम्पवर वापरा. गरम पाणी ओतायची कल्पना कोणी दिली तर ऐकू नका, अर्ध्या तासात आरसा तयार.

बर्फ पडत असतानाच एकदा मधे काढा. आठ इंचांचा थर एकदम उचलण्यापेक्षा चार-चार इंच दोनदा ढकलणं सोपं. ढकलायचा, उचलायचा नाही. मार्चमधला ओला बर्फ डिसेंबरच्या भुसभुशीत बर्फाच्या कितीतरी पट जड असतो, आणि गार हवेत रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना असले श्रम हृदयाला झेपत नाहीत. शेजारच्या काकांना म्हणूनच त्यांच्या बाजूचं तुम्ही करून द्या. ते साफ करू नकोस म्हणतात त्यामागे बहुधा कायद्यापेक्षा पाठ असेल. तुम्हाला जमलं नाही तर 311 ला फोन करायचा, ज्येष्ठांसाठी सिटीचा स्नो कोअर नावाचा स्वयंसेवकांचा उपक्रम आहे.

जानेवारीसाठी कॉन्ट्रॅक्टर लावणार असाल तर दोन गोष्टी लेखी विचारा. किती इंचांवर येणार? बरेच जण 2 इंच पडल्याशिवाय गाडीच काढत नाहीत, आणि सिटीच्या नियमात अशी काही इंचांची सूट नाही. दुसरं, त्याच्या विम्याचं सर्टिफिकेट. आमच्या असोसिएशनने एकदा स्वस्तातला माणूस लावला होता, तो नुसता ड्राइव्ह-वे करून जायचा आणि बिलात साइडवॉक लिहायचा. तेव्हापासून काम झाल्यावर फोटो पाठवल्याशिवाय पैसे नाहीत असं ठरवलं. स्वतःच्या विमा कंपनीलाही कळवा की वरचा मजला भाड्याने दिलाय. हे सांगितलेलं नसलं तर ऐन दाव्याच्या वेळी ती हात झटकू शकते.

चाळिशीतला_चकोर

एक राहिलं. साइडवॉक साफ करून झाल्यावर रस्त्यावरची पार्किंगची जागा उकरून काढली तर ती राखायला तिथे खुर्ची ठेवायची का?

शैलाताई_शिकागो

त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हाणामारी होईल.

कोपऱ्यावरचा_नवखा

अपडेट: पाइपला लांबणी जोडली, आता पाणी अंगणात जातं. दोन पिशव्या मीठ परत केलं. वरच्या जोडप्याशी बोललो, जानेवारीच्या भाड्यात सूट, त्यांनी ईमेलवर हो कळवलंय. शेजारच्या काकांना 1979 चा कायदा सांगितला. ते म्हणाले, त्या वर्षी मी बिलँडिकच्या विरोधात मत दिलं होतं, कायद्याचं मला कोणी कळवलं नाही.